वेल्श इमर्शन युनिट आणि त्यामागची कौन्सिल: शिकवणं अव्वल, देखरेख अर्धी

शिकवण्याला ५ पैकी ५ आणि कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, त्या सगळ्यावर जी देखरेख ठेवते तिला ५ पैकी ३, हे आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण वेल्समध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांचे सारखे तेच प्रश्न येतात, मुलगा आठ वर्षांचा आहे आता वेल्श शाळेत टाकलं तर झेपेल का, आम्हा दोघांनाही त्या भाषेचा गंध नाही मग अभ्यास कोण घेणार, आणि हे सगळे इमर्शन इमर्शन म्हणतात ते नक्की असतं तरी काय. आमची कौन्सिल दक्षिण वेल्समधली. नाव लिहीत नाही कारण तिथली टीम एवढीशी आहे की कोणाबद्दल बोलतेय ते लगेच कळेल, आणि त्यातल्या बहुतेकांनी मनापासून काम केलंय.

नेहमीची वाट अशी की मूल लहानपणीच किल्ख माइथ्रिनमध्ये जातं, म्हणजे वेल्शमधली बालवाडी, त्यांच्या पाठीशी मिदियाद माइथ्रिन ही संस्था १९७१ पासून आहे. मग रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गाला, वेल्श माध्यमाची शाळा. तिथे पहिल्या दिवसापासून सगळं वेल्शमध्ये आणि साधारण सात वर्षांपर्यंत इंग्रजी वेगळी शिकवलीच नाही तरी चालतं, २०२२ पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमातही ही मुभा ठेवलीये. आग्नेय वेल्समध्ये तर अशा शाळांतल्या बहुतेक मुलांच्या घरी वेल्श बोलतच नाहीत, त्यामुळे 'आम्हाला येत नाही' हे कारण तिथे कोणी ऐकूनसुद्धा घेत नाही, शाळेची सगळी पद्धतच तशा घरांसाठी बसवलेली आहे.

पण तुम्ही मूल मोठं झाल्यावर आलात तर? आम्ही इंग्लंडमधून आलो तेव्हा लेक इयर ४ मध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या वर्गात, जाणार होती. तिथे कौन्सिलची उशिराची इमर्शन सेवा कामाला येते. साधारण ७ ते ११ वयाची मुलं, छोटा ग्रुप, अंदाजे एक टर्म रोज त्याच युनिटमध्ये बसून नुसती भाषा अंगात मुरवायची, आणि मग आपापल्या वेल्श शाळेत परत. फी नाही. ही कल्पना वायव्य वेल्समधल्या ग्विनेद कौन्सिलने १९८४ मध्येच राबवायला घेतली, बाहेरून राहायला येणाऱ्या कुटुंबांची मुलं वर्गात गप्प बसून राहू नयेत आणि त्यांच्यापायी अख्खा वर्ग इंग्रजीकडे वळू नये म्हणून. बाकीच्या बऱ्याच कौन्सिली फार नंतर जाग्या झाल्या, २०२१ मध्ये वेल्श सरकारने यासाठी २२ लाख पाउंड जाहीर केले तेव्हा कुठे अनेक ठिकाणी युनिटं उभी राहिली किंवा वाढली.

युनिटबद्दल मी कितीही बोलू शकते. टीचर पहिल्या मिनिटापासून वेल्शमध्येच बोलते, हातवारे, चित्रं, वस्तू, चेहरा, सगळं वापरते पण भाषांतर करून देत नाही. रोज दोन-तीन वाक्यांचे साचे घेतात आणि तेच साचे दिवसभर वेगवेगळ्या खेळांतून घुमवतात, सकाळी गाण्यात, मग दुकान-दुकान खेळताना, मग बाहेर मैदानात, मग जेवणाच्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी कालचे साचे धरून त्यावर पुढचे. मूल एक शब्द बोललं तर टीचर तोच शब्द पूर्ण वाक्यात घालून परत देते, चूक म्हणून थांबवत नाही. घरी दर आठवड्याला वाक्यांचा कागद आणि ऑडिओ यायचा, त्यामुळे आम्हीही ऐकायचो. माझा नवरा तर भांडी घासताना तेच पुटपुटायचा आणि लेक त्याचे उच्चार सुधारायची, आईबाबांना शिकवायला मिळालं की मुलांना केवढा चेव येतो हे मी तेव्हा बघितलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिच्या ग्रुपमध्ये घरी पोलिश बोलणारा मुलगा होता, एक मुलगी घरी अरबी बोलणारी, दोघं इंग्लंडहून आलेले, आणि आमची घरी मराठी. इंग्रजी प्रत्येकाची वेगवेगळ्या पातळीवर. नेहमीच्या शाळेत यातली दोन मुलं 'इंग्रजी कमी असलेली' म्हणून मागे बसली असती. इथे सगळे शून्यावरून एकाच रेषेवर उभे, म्हणून ज्याला आधीच दोन भाषा सांभाळायची सवय आहे तो उलट पुढे पळतो. टर्म संपायच्या आत ही मुलं आपसात भांडायलासुद्धा वेल्श वापरायला लागली. ज्यांना भीती वाटते की तिसरी भाषा आली की मराठी मागे पडेल त्यांना माझं सांगणं आहे की आमच्याकडे उलट झालं, दोन भाषांत वावरणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही हे तिला शाळेतूनच कळलं आणि आजीशी फोनवर मराठी बोलायचा संकोच कमी झाला.

गणित आणि विज्ञानाचे शब्दही युनिटमध्येच करून घेतात ते एक बरंय, नाहीतर परत वर्गात गेल्यावर मुलाला गप्पा मारता येतात पण अपूर्णांक कळत नाहीत. ग्विनेदने तर मुलांसाठी आबेरऊला नावाचं आभासी गावच तयार करून घेतलंय, हेडसेट लावून त्या गावात फिरायचं आणि तिथल्या लोकांशी वेल्शमध्ये बोलायचं.

आता येते कौन्सिलकडे, कारण खरा रिव्ह्यू तिचाच आहे. युनिट चांगलं चाललं तर श्रेय टीचरचं, पण युनिट असणार का, कुठे असणार, बस मिळणार का, युनिटमधून बाहेर पडल्यावर मुलाकडे कोण बघणार, हे सगळं कौन्सिलच्या हातात असतं. वेल्समध्ये २२ कौन्सिली आहेत आणि २०१३ च्या कायद्याने प्रत्येकीला वेल्श शिक्षणाचा आराखडा करावा लागतो. सध्याचे आराखडे १० वर्षांचे आहेत, सप्टेंबर २०२२ पासून २०३२ पर्यंत, वेल्श सरकारने मंजूर केलेले, आणि दर वर्षी प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. त्यात सात उद्दिष्टं असतात, बालवाडीत जास्त मुलं, रिसेप्शनमध्ये जास्त मुलं, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना गळती कमी, परीक्षा वेल्शमधून, वर्गाबाहेर भाषा वापरायची संधी, खास गरजा असलेल्या मुलांची सोय, आणि शिक्षक. हा कागद तुमच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर असतो, दोन्ही भाषांत असतो, आणि मी प्रत्येक पालकाला सांगते की शाळेचा ब्रोशर वाचायच्या आधी हा वाचा, त्यात तुमच्या भागात पुढच्या काही वर्षांत कुठे शाळा वाढणार आणि कुठे नाही ते कळतं.

आमच्या कौन्सिलचं चांगलं आधी लिहिते. पत्रं, फॉर्म, फोन सगळं दोन्ही भाषांत, आणि फोनवरची बाई वेल्शमध्ये सुरुवात करून आपण अडखळलो की न कंटाळता इंग्रजीवर येते. ॲडमिशनवाल्यांनी मला एकदाही 'अहो तुम्ही बाहेरचे, इंग्रजी शाळाच घ्या' असं सुचवलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण काही ओळखीच्यांना दुसरीकडे असं सूचक बोलणं ऐकावं लागलंय. युनिटमध्ये जागा मिळाली, टर्मच्या सुरुवातीलाच मिळाली. स्क्रूटिनी कमिटीची, म्हणजे कौन्सिलच्या कामाची झाडाझडती घेणाऱ्या निवडून आलेल्या कौन्सिलरांच्या समितीची, मीटिंग ऑनलाइन बघता येते, कागदपत्रं आधी मिळतात. कौन्सिलर लोक खरंच प्रश्न विचारतात, एकदा तर शिक्षणाच्या ऑफिसरला एका बाईंनी शिक्षक कुठून आणणार यावरून चांगलंच धारेवर धरलं.

तो प्रश्न बरोबरच होता. वेल्श सरकारचं धोरण आहे की २०५० पर्यंत १० लाख वेल्श बोलणारे हवेत, आणि त्यासाठी सात वर्षांच्या मुलांमधलं वेल्श माध्यमातलं प्रमाण २०३१ पर्यंत ३० टक्क्यांवर न्यायचं, जे धोरण आलं तेव्हा २२ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि जनगणना काय सांगते तर २०११ मध्ये १९ टक्के लोकांना वेल्श येत होती ती २०२१ मध्ये १७.८ वर आली, आणि घट मुख्यतः मुलांमध्येच. त्याच धोरणात प्राथमिकचे वेल्शमधून शिकवणारे शिक्षक २,९०० वरून २०३१ पर्यंत ३,९०० करायचे आहेत. एवढी माणसं एखादी कौन्सिल एकटी तयार करू शकत नाही हे मला कळतं, म्हणून त्यासाठी मी तिचे मार्क कापलेले नाहीत.

मार्क कापलेत ते बस आणि पाठपुरावा या दोन गोष्टींसाठी.

बसचं थोडक्यात. कायद्याने प्राथमिकला २ मैल आणि माध्यमिकला ३ मैल किंवा जास्त अंतर असलं तर जवळच्या योग्य शाळेपर्यंत मोफत सोय मिळते. वेल्श माध्यमातलं शिक्षण घेणं सोपं व्हावं म्हणून झटायचं कर्तव्यही २००८ च्या त्याच कायद्याने कौन्सिलवर टाकलंय. आणि बऱ्याच कौन्सिली जवळची वेल्श शाळा हीच 'योग्य शाळा' धरतात. पण युनिट हे तुमच्या शाळेत नसतं, दुसऱ्याच शाळेच्या आवारात असतं, आणि त्या एका टर्मच्या प्रवासाचं काय याचं सरळ उत्तर आम्हाला शाळा सुरू व्हायच्या अगदी तोंडावर मिळालं. ज्यांच्या घरी गाडी नाही, किंवा दोघंही शिफ्टमध्ये हॉस्पिटलला कामाला आहेत, त्यांनी एवढी अनिश्चितता बघून सरळ नाद सोडला असता. युनिटची जागा देताना त्याच ईमेलमध्ये वाहनाचं लिहून द्यायला काय हरकत आहे?

पाठपुराव्याचं मात्र मला मनाला लागलंय. टर्म संपली, छोटासा कार्यक्रम झाला, मुलांनी नाटुकलं केलं, सगळ्या पालकांचे डोळे भरून आले. मग मूल आपल्या वर्गात जातं, तिथे पंचवीस-तीस मुलं जी चार वर्षांपासून हीच भाषा बोलतायत. वेग वेगळा, विनोद वेगळे, पुस्तकं जाड. एका टर्मच्या भाषेवर तुम्ही तरता पण पोहायला अजून वेळ असतो. म्हणूनच युनिटची टीचर नंतर ठरावीक दिवशी शाळेत येऊन या मुलांना वेगळं घेते, असं आम्हाला सांगितलं होतं आणि सुरुवातीला तसं झालंही. मग त्या बाई दुसरीकडे गेल्या, जागा रिकामी राहिली, आणि कोणी काही कळवलंच नाही. लेक घरी येऊन एवढंच म्हणायची की आज कळलं नाही. वर्गशिक्षिकेने जमेल तेवढं केलं, पण तिच्या एकटीच्या जिवावर किती.

मी कौन्सिलला लिहिलं. ॲडमिशनने सांगितलं हे भाषा टीमचं काम, भाषा टीमने सांगितलं शाळेच्या गुणवत्तेचं बघणाऱ्यांना विचारा, त्यांनी सांगितलं की शाळेशी बोला. सगळे अतिशय नम्र. मी शेवटी साधा प्रश्न विचारला, की युनिटमधून बाहेर पडलेली मुलं एक वर्षानंतर कुठे आहेत, वेल्श शाळेत टिकली का, वर्गात बरोबरीने चाललीयेत का, हे तुम्ही कुठे नोंदवता? उत्तर आलं की युनिटमध्ये किती मुलांना प्रवेश दिला आणि किती मुलांनी कोर्स पूर्ण केला ते वार्षिक अहवालात आहे. म्हणजे दारातून आत किती आली त्याची नोंद आहे, आत राहिली किती त्याची पालकांना दिसेल अशी नाही. सात उद्दिष्टांपैकी तिसरं उद्दिष्ट नेमकं टप्पे बदलताना भाषा टिकवण्याचं आहे, आणि उशिरा आलेल्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात नाजूक टप्पा युनिट ते वर्ग हाच, मग तिथेच देखरेख का पातळ?

आमच्या वॉर्डच्या कौन्सिलरकडे गेले. त्यांनी तोच प्रश्न स्क्रूटिनी कमिटीत लेखी विचारला, ऑफिसरना उत्तर द्यावं लागलं, आणि पुढच्या टर्मला नवी टीचर यायला लागली. यंत्रणा काम करते, हे मान्य. पण ती एका पालकाने दार ठोठावल्यावर करते, आणि ज्या आईला ना इंग्रजी धड येतं ना वेल्श, ती कुठलं दार ठोठावणार? तिच्या मुलासाठी हे आपोआप व्हायला हवं.

खास गरजा असलेल्या मुलांबद्दल मला स्वतःचा अनुभव नाही, पण युनिटमध्ये ओळख झालेल्या एका आईचं बघितलंय. २०१८ च्या कायद्याप्रमाणे मुलाला मदत वेल्शमधून द्यायला हवी का याचा विचार करणं आणि द्यायची ठरली तर शक्य ते सगळं करणं हे कौन्सिलवर बंधनकारक आहे. तिच्या मुलाला स्पीच थेरपी हवी होती आणि वेल्शमध्ये करणारी व्यक्ती मिळेपर्यंत खूप वाट बघावी लागली. तिला मधेच कोणीतरी म्हणालं की इंग्रजी शाळेत गेलात तर लवकर होईल. असं बोलणं कोणत्याही पालकाला हादरवतं, आणि हे बोलायला कोणाला मुभाच असू नये असं मला वाटतं.

कोणी म्हणेल एवढं कौन्सिलच्या मागे कशाला लागायचं, मूल शिकतंय ना. पण वेल्श शाळांचा इतिहास बघा, तो सगळा पालकांनी मागे लागण्याचाच आहे. १९३९ मध्ये आबेरिस्टविथला वेल्श शाळा निघाली ती खासगी. कौन्सिलने चालवलेली पहिली वेल्श प्राथमिक शाळा लानेलीला १९४७ मध्ये आली. ऱ्हिलला १९५६ मध्ये पहिली वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा निघाली, इस्गोल ग्लान क्लुइद, ती फ्लिंटशायरच्या शिक्षण संचालकांनी, हेडन विल्यम्स यांनी, मनावर घेतलं म्हणून. एक अधिकारी ठरवतो आणि अख्ख्या पिढीची भाषा बदलते, एवढी ताकद या खुर्चीत आहे. पालकांची ऱ्हिएनी द्रोस आदिस्ग गम्राइग ही संघटना १९५२ पासून आहे, आणि अजूनही कोर्टात जायला लागतं. नीथ पोर्ट टॅलबॉट कौन्सिलने पॉन्टारदावेला तीन छोट्या शाळा बंद करून एक मोठी इंग्रजी माध्यमाची शाळा काढायचं ठरवलं होतं, त्याचा आजूबाजूच्या वेल्श शिक्षणावर काय परिणाम होईल याचा नीट विचार केला नाही म्हणून याच संघटनेने दावा लावला आणि २०२२ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. बघा, तिथे प्रश्न वेल्श शाळेचा नव्हताच, शेजारच्या इंग्रजी शाळेचा होता. देखरेख म्हणजे फक्त वेल्श शाळेत डोकावणं नाही, बाकी सगळं ठरवतानाही हा हिशोब डोक्यात हवा.

कौन्सिलीकौन्सिलीत फरकही खूप आहे हे घर बघताना लक्षात ठेवा. ग्विनेदमध्ये शाळेचा कारभारच वेल्शमध्ये, तिथे तुम्हाला वेगळं 'निवडायला' फारसं लागत नाही, आलेल्या मुलाला इमर्शन सेंटरमध्ये पाठवणं हे तिथे रोजचं काम आहे. मॉनमथ गावात मात्र वेल्श प्राथमिक शाळा २०२४ मध्ये सुरू झाली. न्यूपोर्ट, कार्डिफ इथे शाळा वाढतायत, तरी आपल्या गल्लीपासून वेल्श शाळा किती लांब आहे ते नकाशावर बघूनच घर ठरवा.

२०२५ मध्ये नवा कायदाही आलाय, वेल्श भाषा आणि शिक्षणाचा. शाळांचे भाषेनुसार तीन प्रकार ठरवलेत, जिथे मुख्यतः इंग्रजी आहे तिथेही किमान १० टक्के शिक्षण वेल्शमधून हवं, आणि उशिराच्या इमर्शनलाही कौन्सिलच्या जबाबदारीत जागा मिळालीये. माझी मनापासून इच्छा आहे की या निमित्ताने कौन्सिली युनिटनंतरच्या वर्षाचा हिशोब ठेवायला लागतील. एस्टिन या वेल्सच्या शिक्षण तपासणी संस्थेचे इन्स्पेक्टर शाळा तपासतात, कौन्सिलच्या शिक्षण खात्यालाही तपासतात, त्यांनी हा एक कॉलम मागितला तरी खूप होईल.

तर घ्यावी का ही सेवा? हो, डोळे झाकून घ्या, लेकीला परत पाठवायची वेळ आली तर परत पाठवीन. तुम्हाला स्वतःला शिकायचं असेल तर मोठ्यांसाठी वेल्शचे वर्गही आहेत, आम्ही दोघं जातो. फक्त फॉर्म भरताना कौन्सिलला एक ईमेल टाका. युनिट कोणत्या शाळेत आहे आणि तिथपर्यंत वाहन कोण देणार, टर्म संपल्यावर मुलाला वर्गात मदत करायला कोण येणार आणि किती महिने, ती व्यक्ती सोडून गेली तर आम्हाला कोण कळवणार, आणि गेल्या वर्षी युनिटमधून बाहेर पडलेली मुलं आज वेल्श शाळेत आहेत का. उत्तर लेखी मागा, फोनवरचं धरू नका, आणि त्या ईमेलला तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरना सीसी करा.